माशांना औषध देण्याआधी टँकमधले लिटर मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती फिशटँकवर आलेल्या मजकुरात असा सल्ला होता की, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर निळ्या औषधाचे चार थेंब टाकावेत, मूठभर मीठ घालावे आणि टँक स्वच्छ धुऊन काढावा. मासे विकणाऱ्या बहुतेक दुकानांतही हेच सांगतात. पावसाळ्यात आणि थंडीत घरोघरी मासे दगावतात त्यामागे रोगाइतकाच हा सल्लाही असतो. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी पत्र कापावे लागले, तर निदान मात्रांचे आकडे तरी कापू नयेत, ही विनंती.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला 'इक' म्हणतात. इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी तो घडवून आणतो. ठिपका मिठाच्या कणाएवढा, जास्तीत जास्त एक मिलिमीटरचा असतो. तो शेपटीच्या आणि परांच्या पारदर्शक भागावर आधी दिसतो, मग अंगभर पसरतो. क्लाउन लोच आणि निऑन टेट्रा या जातींचे मासे बहुधा सर्वांत आधी त्याच्या तावडीत सापडतात. ठिपके दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी मासे पर मिटून बसतात, दगडाला किंवा हीटरला अंग घासतात आणि कल्ले भराभर हलवतात. कल्ल्यांत परजीवी आधी शिरला असेल, तर अंगावर एकही ठिपका न दिसता मासा मरतो.

मात्र प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे इक नव्हे. नर गोल्डफिश वयात आला की त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या जाड काट्यावर पांढरे टणक दाणे येतात. ते ओळीने आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात, आणि मासा खाऊनपिऊन ठणठणीत असतो. ही प्रजननकाळाची खूण आहे, तिला औषध लागत नाही. तसेच अंग घासणे हे दर वेळी परजीवीचेच लक्षण नसते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि फिल्टर नीट न चालल्याने साचलेला अमोनिया यांनीही कल्ल्यांची आग होते. म्हणून औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी अमोनियाची चाचणी करावी. थेंब टाकून रंग पाहण्याचे किट दुकानात मिळते. अमोनिया शून्याच्या वर दिसला तर अँटिक्लोरीन घातलेल्या पाण्याने तीस टक्के पाणी बदलून काही तास थांबावे. मासे तेवढ्याने शांत झाले, तर दोष पाण्याचा होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इकचा परजीवी आपले आयुष्य तीन ठिकाणी काढतो. माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली बसून माशाच्या पेशींवर पोसलेला परजीवी. तो माशाच्याच कातडीने झाकलेला असल्यामुळे पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरले की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाशी जातो आणि खडीला, काचेला किंवा वनस्पतीच्या पानाला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. त्या कोषातही औषध शिरत नाही. आत त्याचे विभाजन होऊन शेकडो, कधी हजाराच्या घरात पिल्ले तयार होतात. ती कोष फोडून पोहत माशाच्या शोधात निघतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. औषध किंवा मीठ यांपैकी काहीही वापरा, मार बसतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना.

एवढे ध्यानात आले की उपचारातल्या बऱ्याच चुका आपोआप कळतात. औषध टाकल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे होतात आणि घरात आनंद होतो. प्रत्यक्षात परजीवी मेलेला नसतो, पोट भरून माशावरून उतरलेला असतो. लोक तिथेच औषध थांबवतात. चार दिवसांनी पूर्वीच्या कितीतरी पट ठिपके येतात, आणि या दुसऱ्या हल्ल्यात मासे जातात. दोष औषधाला दिला जातो, मग दुसरी बाटली आणली जाते.

परजीवीच्या या चक्राचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. पंचवीस अंशांच्या आसपास ते आठवडाभरात पुरे होते, पाणी दहा अंशांवर गेले तर त्याला महिन्याहून जास्त लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकचे पाणी तीस अंशांपर्यंत जाते, तेव्हा हा रोग कमी दिसतो. जुलैच्या पावसात, आणि पुणे, नाशिक, विदर्भाच्या डिसेंबरात रात्रीचे पाणी एकदम उतरते. माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि परजीवीला हवे तसे तापमान मिळते. बादलीतले थेट नळाचे गार पाणी टँकमध्ये ओतणे हेही तसेच एक निमित्त.

उपचार सुरू करण्याआधी टँकमध्ये नेमके किती लिटर पाणी आहे ते काढावे. 'दोन फुटी टँक' हे माप औषधासाठी निरुपयोगी आहे. काचेच्या आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी, खडीच्या वरपासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची मोजावी, तिन्ही आकडे गुणून हजाराने भागावे. ६० लांबी, ३० रुंदी आणि २८ उंची असेल तर ५०.४, म्हणजे ५० लिटर धरावेत. मोठे दगड आणि ओंडके असतील तर त्यांचे पाच-दहा टक्के वजा करावेत. दुकानदार याच टँकला ६० किंवा ७० लिटरचा म्हणतो, कारण तो खडीविना काठोकाठ भरलेला टँक मोजतो. त्या हिशेबाने औषध टाकले की मात्रा वीस ते चाळीस टक्क्यांनी जास्त होते. थेंबांचेही तेच. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो खरा, पण ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. औषधाच्या दुकानात मिळणारी एक आणि पाच मिलिलिटरची सुईविना सिरिंज वापरावी. कोरड्या औषधासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्यावा. असे काटे आता महाग राहिलेले नाहीत.

घरगुती टँकमधल्या इकवर सर्वांत भरवशाचा इलाज म्हणजे उष्णता आणि मीठ. पाण्याचे तापमान दर दोन तासांना एक अंश या गतीने ३० अंशांपर्यंत न्यावे. ५० लिटरला ५० ते ७५ वॅटचा हीटर पुरतो, पण हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. वेगळा काचेचा थर्मामीटर टँकच्या दुसऱ्या टोकाला लावावा. तीस अंशांना परजीवीच्या बहुतेक वाणांची वाढ थांबते. उष्णतेला दाद न देणारेही काही वाण आहेत, म्हणून जोडीला मीठ हवे. सर्वसाधारण माशांना लिटरमागे २ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम. मॉली, गप्पी, गोल्डफिश यांना ३ ग्रॅमही चालते. कोरिडोरस, लोच आणि टेट्रा यांना १ ग्रॅमवर थांबावे. हे मीठ तीन भागांत, बारा-बारा तासांच्या अंतराने घालावे. प्रत्येक भाग टँकमधल्याच पाण्यात तांब्याभर पूर्ण विरघळवून फिल्टरच्या प्रवाहात हळूहळू ओतावा. खडे तसेच टाकले तर ते तळाशी पडतात आणि तळाशी वावरणाऱ्या माशांचे पोट भाजते.

मीठ कोणते, हा प्रश्न हमखास येतो. खडेमीठ उत्तम. पण आयोडीनयुक्त मिठाने मासे मरतात ही समजूत निराधार आहे. या मात्रेत पाण्यात उतरणारे आयोडीन लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. काबोम्बा, वॅलिस्नेरियासारख्या वनस्पती मात्र मिठाने गळतात. लागवडीचा टँक असेल, तर मासेच वेगळ्या टबात काढून उपचार करावेत. माशांविना राहिलेल्या टँकमधले परजीवी २५ अंशांच्या वर दहा-बारा दिवसांत उपाशी मरतात.

रोज सायफनने, म्हणजे पाणी ओढून काढणाऱ्या नळीने, खडीचा तळ ओढावा. परजीवीचे कोष तिथेच असल्यामुळे हे काम औषधाइतकेच मोलाचे आहे. दर दुसऱ्या दिवशी चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवीन पाणी आधी क्लोरीनमुक्त करून तेवढ्याच तापमानाला आणलेले असावे. पाण्याची वाफ होते तशी मिठाची होत नाही. म्हणून वाफेने कमी झालेले पाणी भरताना मीठ घालू नये. १२.५ लिटर बदलले असतील तर फक्त तेवढ्या पाण्याचे २५ ग्रॅम मीठ घालावे. दर वेळी पूर्ण १०० ग्रॅम घालणारे लोक पाचव्या दिवशी मासे उलटे पडल्यावर कारण शोधत बसतात.

हे दहा दिवस सलग चालवावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी पाच दिवस. हीटर नसेल आणि पाणी २२-२३ अंशांना असेल, तर तीन आठवडे धरून चालावे. गोल्डफिशना २८ अंशांच्या वर नेऊ नये, त्यांच्यासाठी मिठाचा भाग जास्त आणि मुदत लांब ठेवावी. उपचार संपल्यावर तापमान रोज एक अंशाने उतरवावे. मीठ फक्त पाणी बदलूनच निघते. चौथा हिस्सा चार वेळा बदलल्यावर साधारण एक तृतीयांश मीठ उरते.

तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. कल्ले आधीच जखमी असलेल्या माशाला हा फरक जाणवतो. त्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू हवा आणि पाण्याची पातळी दोन बोटे खाली ठेवावी, म्हणजे फिल्टरचे पाणी वरून पडून हवा मिसळेल. भारनियमनाच्या भागात बॅटरीवरचा पंप आधीच आणून ठेवावा.

उष्णता आणि मीठ शक्य नसेल, तर मॅलाकाइट ग्रीन (एक हिरवा रंग) आणि फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) यांचे तयार मिश्रण वापरावे. त्याने इक हमखास आटोक्यात येतो, पण याच औषधाने सर्वांत जास्त अपघात होतात. नेहमीची मात्रा फॉर्मॅलिन लिटरमागे २५ मिलिग्रॅम आणि मॅलाकाइट ग्रीन ०.१ मिलिग्रॅम अशी असते. दर ५ मिलिग्रॅम फॉर्मॅलिन पुढच्या तीस-छत्तीस तासांत पाण्यातला सुमारे १ मिलिग्रॅम प्राणवायू खाते. २५ मिलिग्रॅमला ५ मिलिग्रॅम प्राणवायू गेला, तर ३० अंशांच्या ७.६ मधून काय उरले? हीटरने पाणी तापवायचे आणि त्यातच फॉर्मॅलिन टाकायचे, हा दुहेरी इलाज रोगापेक्षा भयंकर ठरतो. रात्री औषध टाकले जाते आणि पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून मेलेले सापडतात, ते यामुळे. फॉर्मॅलिन वापरायचे तर पाणी २६ अंशांच्या आत, जोरदार हवा, आणि सकाळीच टाकावे, म्हणजे दिवसभर डोळा ठेवता येतो. कातडीवर खवले नसलेल्या माशांना आणि टेट्रांना अर्धी मात्रा. एक दिवसाआड द्यावे, दर वेळी आधी चौथा हिस्सा पाणी बदलावे. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. बाटलीच्या तळाशी पांढरा साका जमला असेल, तर ते फॉर्मॅलिन फेकून द्यावे, कारण तो साका माशांना अधिक विषारी असतो. फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेट कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. मॅलाकाइट ग्रीन कर्करोगाला कारण ठरत असल्याचा संशय असल्याने खाण्याच्या माशांत त्यावर अनेक देशांनी बंदी घातली आहे. हातमोजे घालूनच ते हाताळावे, गरोदर स्त्रियांनी त्याला हात लावू नये, आणि ज्या भांड्यात ते कालवले ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

आणि ते निळे औषध? ते मिथिलीन ब्लू. अंड्यांवरची बुरशी आणि नायट्राइटची बाधा यांवर ते चांगले आहे. इकवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय ते फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपकारक जीवाणू मारते. मग अमोनिया चढतो, मासे धापा टाकतात, घरचे लोक रोग वाढला समजून आणखी निळे थेंब टाकतात. टँक धुऊन काढण्याचा सल्लाही असाच अंगावर येतो. परजीवी माशाच्या अंगात बसलेला असताना खडी नळाखाली घासून काय साधणार? जीवाणू तेवढे वाहून जातात, आणि त्याच आजारी माशांना नव्या, कच्च्या पाण्यात टाकले जाते.

बाकीच्या परजीवींपैकी वेल्व्हेट हा इकपेक्षाही घातक आहे. यात ठिपके वेगळे दिसत नाहीत. अंधारात टॉर्च तिरकी धरली, तर अंगावर सोनेरी भुकटी पसरल्यासारखी दिसते. या परजीवीत हरितद्रव्य असते, म्हणून टँकभोवती कापड गुंडाळून तो पूर्ण अंधारात ठेवल्याने उपचाराला मदत होते. यावर तांब्याचे औषध चालते. मुक्त तांबे लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढेच राहायला हवे, आणि त्यासाठी तांब्याचे टेस्ट किट हाताशी पाहिजे. मुंबईला तलावांतून येणाऱ्या मऊ पाण्यात हीच मात्रा माशांना विषारी ठरू शकते. बोअरच्या जड पाण्यात तांबे खाली बसते आणि गुण येत नाही. कोळंबी आणि गोगलगायी असलेल्या टँकमध्ये तांबे घालूच नये.

कल्ल्यांतील चपट्या कृमींना फ्लूक म्हणतात. मासा एकाच बाजूचा कल्ला मिटून दुसऱ्याने श्वास घेत असेल, तर संशय घ्यावा. यावर प्राझिक्वान्टेल हे औषध आहे, लिटरमागे २.५ मिलिग्रॅम. ६०० मिलिग्रॅमची गोळी कुटून १२० मिलिलिटर पाण्यात कालवली की दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ५० लिटरच्या टँकला २५ मिलिलिटर. औषध पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून बाटली जोरात हलवून लगेच ओतावे, नाहीतर सारे औषध तळाला राहते आणि टँकमध्ये नुसते गढूळ पाणी जाते. कल्ल्यांतले फ्लूक अंडी घालतात आणि अंड्यांवर या औषधाचा परिणाम होत नाही. म्हणून सहा-सात दिवसांनी दुसरी मात्रा, आणि शक्यतो तिसरीही.

कोई आणि गोल्डफिशवर, विशेषतः बंगल्यांच्या आवारातील हौदांत, अँकर वर्म दिसतो. माशाच्या अंगातून बाहेर आलेला बारीक हिरवट-पांढरा धागा, टोकाला दोन इवल्या पिशव्या आणि मुळाशी लाल सूज. हा कृमी नसून कवचधारी जीव आहे, आणि धाग्याचे आतले टोक नांगरासारखे मांसात रुतलेले असते. मासा ओल्या कपड्यात धरून, बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून, सरळ रेषेत सावकाश ओढावे. मधेच धरून झटका दिला तर धागा तुटतो, नांगर आत राहतो आणि तिथे जखम चिघळते. काढल्यावर कापसाने पोव्हिडोन आयोडीन फक्त जखमेवर टेकवावे, कल्ल्यांत जाऊ देऊ नये. पण डोळ्यांना दिसते ती फक्त मादी. पिल्ले पाण्यात आणि कल्ल्यांत असतात. ती कात टाकत वाढतात, आणि कवच बनण्याची क्रिया रोखणारे डायफ्लुबेन्झुरॉन लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत त्यांना थांबवते. हजार लिटरच्या हौदाला शुद्ध औषध अवघे ३० मिलिग्रॅम लागते. बाजारात २५ टक्क्यांची भुकटी मिळते, तिचे १२० मिलिग्रॅम. उपचार तीन-चार आठवडे लक्ष ठेवून पुरा करावा, आणि त्या काळात हौदाचे पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. खेकडे, झिंगे आणि पाण्यातले किडे याच औषधाने मरतात.

माशांच्या उवा, म्हणजे अर्ग्युलस, पाच ते दहा मिलिमीटरच्या चपट्या चकत्यांसारख्या अंगावर सरकताना दिसतात. औषध तेच. त्यांची अंडी काचेवर आणि दगडांवर ओळीने चिकटवलेली असतात. ती खरवडून काढावीत आणि दगड उन्हात कडकडीत वाळवावेत.

या दोन्ही रोगांवर अजूनही काही ठिकाणी डायक्लोरव्हॉससारखे शेतीचे कीटकनाशक 'दोन थेंब' टाकायला सांगतात. डायक्लोरव्हॉस आणि ट्रायक्लोरफॉन ही दोन्ही केंद्र सरकारच्या २०१८च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२०पासून देशात पूर्णपणे बंद झाली आहेत. माणसाच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष लहान मुले वावरतात त्या दिवाणखान्यात आणू नये. हा सल्ला देणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये.

पोटातल्या परजीवींबद्दल थोडक्यात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, डिस्कस यांची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लांब झाली, मासा खाणे तोंडात घेऊन थुंकू लागला आणि डोक्यावर खड्डे पडू लागले, तर मेट्रोनिडॅझोल द्यावे लागते. फक्त पांढरी विष्ठा पाहून औषध सुरू करू नये. उपाशी माशाचीही विष्ठा तशीच असते. मासा खात असेल तर औषध खाण्यातूनच द्यावे, एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम, पाच दिवस. ४०० मिलिग्रॅमची गोळी ४० ग्रॅम खाद्याला पुरते. भुकटी जिलेटिनच्या पाण्यात कालवून दाण्यांवर चोळावी आणि दाणे सावलीत वाळवावेत. खाणे सुटले असेल तरच औषध पाण्यात द्यावे. तीच गोळी ६० लिटरला, एक दिवसाआड तीनदा. गप्पींच्या गुदद्वारातून लाल धागे लोंबत असतील, तर ते कॅमालॅनस नावाचे गोल कृमी होत. त्यांवर प्राझिक्वान्टेल चालत नाही. लेव्हॅमिसोल लिटरमागे २ मिलिग्रॅम, टँकवर अंधार करून चोवीस तास, मग तळ ओढून निम्मे पाणी बदलायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. ही सगळी माणसांची किंवा जनावरांची औषधे आहेत, ती पशुवैद्याच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. जीवाणूंवरची प्रतिजैविके अंदाजपंचे टँकमध्ये ओतण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर पूर्ण बंद व्हायला हवी. परजीवीवर त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

यातले बहुतेक संकट दारातच अडवता येते. नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडू नये. ३०-४० लिटरचा प्लॅस्टिकचा टब, मोठ्या टँकमध्ये महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, तळाला खडी नाही, एवढी सामग्री पुरते. त्यात मासा चार आठवडे ठेवावा. इक आठवडाभरात दिसतो, पण अँकर वर्मला तीन आठवडे लागू शकतात, म्हणून मुदत लांब. दुकानाच्या पिशवीतले पाणी टबात ओतू नये. जाळी आणि सायफनची नळी वेगळी ठेवावी. परजीवीचे कोष ओल्या जाळीतून एका टँकमधून दुसऱ्यात जातात, पूर्ण वाळलेल्या जाळीतून जात नाहीत.

दुकानदारांकडे यासंदर्भात दोन मागण्या आहेत. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या दुकानांत कोलकात्याहून आणि चेन्नईच्या कोळत्तूरहून आलेले मासे एकाच जाळीने सगळ्या टँकमधून काढले जातात. प्रत्येक रांगेला वेगळी जाळी ठेवणे फार खर्चाचे नाही. आणि औषध सुटे, बिनचिठ्ठीच्या बाटलीत भरून विकू नये. बाटलीवर औषधाचे नाव, तीव्रता आणि लिटरमागची मात्रा मराठीत लिहिलेली असावी. ग्राहकांनीही अशी चिठ्ठी नसलेली बाटली परत करावी.

परजीवी नक्की कोणता, हे शेवटी सूक्ष्मदर्शकच सांगतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर हलकेच ओढून घेतला, की शंभर पट मोठ्या दृश्यात इकचे घोड्याच्या नालेसारखे केंद्रक आणि फ्लूकचे आकडे स्पष्ट दिसतात. काम दहा मिनिटांचे आहे, फक्त मासा जिवंत किंवा नुकताच मेलेला हवा. मरून काही तास झाले की परजीवी सोडून जातात, आणि फ्रीजरमध्ये ठेवलेला मासा तपासून हाती काही लागत नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळचे शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि नागपूरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय या संस्थांकडे हे ज्ञान आणि साधने आहेत. त्यांनी आठवड्यातला एक ठरावीक दिवस घरगुती माशांच्या तपासणीसाठी माफक शुल्कात ठेवला, तर हजारो घरांची सोय होईल आणि विद्यार्थ्यांनाही रोज नवे नमुने मिळतील. जिथे अशा संस्था जवळ नाहीत, तिथे प्राणिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांना हे करता येण्यासारखे आहे.

आजारी मासे नदीत किंवा तलावात 'सोडून देणे' हा दयेचा मार्ग नाही, हेही आपल्या पुरवणीने ठळकपणे छापावे. टँकमधला सकर मासा उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊन त्यांचे नुकसान करतो आहे. अँकर वर्म आणि उवा तर रोहू-कटल्यावरही तितक्याच सहज बसतात. बरा न होणारा मासा एक लिटर टँकच्या पाण्यात घ्यावा. लवंग तेलाचे आठ-दहा थेंब थोड्या कोमट पाण्याच्या बाटलीत जोरात हलवून त्यात हळूहळू मिसळावेत. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान अर्धा तास मासा त्याच पाण्यात ठेवावा आणि मग मातीत पुरावा. टँकचे औषध मिसळलेले पाणी आधी दोन दिवस ताज्या कार्बनवरून फिरवावे, नंतर संडासात ओतावे. झाडांना घालू नये. मीठ मिसळलेले असेल तर मुळीच नाही.

आपला,
एक मत्स्यपालक वाचक,
डोंबिवली